गाडी कुठपर्यंत आली?

(दहावी १९८२च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू ध्यानावर बोल. काहीतरी आशादायक सांग. आपण सगळे साठीला टेकलोय, प्रत्येकाच्या घरी काही ना काही चाललेलं असतं." मी म्हटलं, अरे, मी एसटीतला माणूस. माझं सगळ्यात मोठं भाषण म्हणजे 'सातारा-कऱ्हाडमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे'. पण ते ऐकेनात. तेव्हा आज माईक हातात आहे आणि समोर फलाट नाही, एवढंच.

आशेबद्दल बोलायचं तर मला स्वारगेट स्टँडपासूनच सुरुवात करावी लागेल. मी १९८८ला कंडक्टर म्हणून लागलो, पुढं वाहतूक नियंत्रक झालो आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. नियंत्रक म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसणारा तो माणूस, ज्याच्यावर तुम्ही सगळे कधी ना कधी ओरडलेला आहात. दिवसभरात एकच प्रश्न शेकडो वेळा येतो : गाडी कधी येणार?

नियंत्रक झालो त्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. एक बाई पहाटे सहाला खिडकीशी आली. कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. महाडला जायचं होतं, वडील अत्यवस्थ होते. मी म्हटलं, "येईलच आता." सातला आली, म्हटलं, "येईलच." आठला पुन्हा तेच. मला खोटं बोलायचं नव्हतं हो. तिचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघेना. साडेआठला आमचे एक जुने नियंत्रक ड्यूटीवर आले, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी आधी भोरला फोन लावला. रात्री वरंध घाटात दरड आली होती, वाहतूक बंद. महाडहून येणारी गाडी पलीकडंच उभी होती, ती दिवसभर येणार नव्हती. अण्णांनी त्या बाईला हाताशी धरून पनवेलच्या गाडीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं की पनवेलला महाडची गाडी दाखव. ती वेळेत पोहोचली का, मला आजतागायत माहीत नाही. अडीच तास मात्र माझ्या 'येईलच'मध्ये गेले होते.

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, 'येईलच' हा शब्द या खिडकीतून बाहेर जाऊ द्यायचा नाही. गाडी कुठं आहे ते माहीत असेल तर कुठं आहे ते सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण आणि फोन उचल. पुढचं माणूस आपलं आपण बघतो."

हा धडा मी नोकरीत पाळला. 'गाडी खंडाळ्यात अडकलीय, तास लागेल, थांबायचं तर थांबा नाहीतर पलीकडे साताऱ्याची लागलीय' असं सांगितलं की लोक चिडायचे, पण जागचे हलायचे. कुणी चहा प्यायला जायचं, कुणी घरी फोन करायचं, कुणी दुसरी गाडी धरायचं. नुसतं 'येईलच' ऐकणारा मात्र बॅग हातात घेऊन उभाच राहतो.

नोकरीत पाळला. घरात नाही. आता जे सांगतोय ते मुलाला विचारून सांगतोय.

माझा धाकटा २०१७ला सिव्हिल इंजिनिअर झाला आणि राज्यसेवेच्या अभ्यासाला लागला. पुण्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड, अभ्यासिका, मेस, हातात चालू घडामोडींची पुस्तकं. दोनेकशे जागा आणि दोन लाखांहून जास्त मुलं. हे गणित मला येत होतं, आपल्या गणिताच्या सरांच्या कृपेनं तेवढं येतं. पण पोरगा समोर आला की मी म्हणायचो, "होणारच तू. या वर्षी नक्की." पहिल्या वर्षी पूर्व परीक्षा निघाली, मुख्य गेली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. नातेवाइकांत सांगत सुटलो. एका लग्नात तर एका व्याह्यांना मी 'आमचा डेप्युटी कलेक्टर' अशीच ओळख करून दिली. त्याच्या आईनं माझा दंड धरला होता, मी तिकडं लक्ष दिलं नाही. तो हसला. आता ते हसणं आठवलं की कसंतरी होतं.

या सुमाराला माझी झोप उडाली. रात्री दोनला जाग यायची आणि मनात निकाल लागायचा. कधी पास, कधी नापास. रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

ध्यानाकडं मी कसा वळलो हे सांगायला मला जरा लाज वाटते. स्टँडवर पहिल्यापासून अधूनमधून लोक विचारायचे, "विपश्यना केंद्र कुठं आहे?" मी सांगायचो, "दादावाडी. नेहरू स्टेडियमच्या समोर, आनंद मंगल कार्यालयाजवळ. चालत जा, रिक्षा करू नका." हे मी वर्षानुवर्षं सांगत होतो. ज्या स्टेडियमवर १९९६च्या वर्ल्डकपमध्ये केनियानं वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं, त्याच्या समोर. (त्या दिवशी ड्यूटी टाकून मॅचला गेलेले दोघं आत्ता दुसऱ्या रांगेत बसलेत, नावं घेत नाही.) शेकडो लोकांना वाट दाखवली आणि स्वतः एकदाही गेलो नाही. मला वाटायचं, पोट भरलेल्यांचे छंद आहेत हे. २०१८च्या पावसाळ्यात एकदा ड्यूटी सुटल्यावर पाऊस थांबेपर्यंत म्हणून त्या गेटाच्या आडोशाला उभा राहिलो. आतून लोक बाहेर पडत होते. त्यात आमचा एक जुना ड्रायव्हर. पंचवीस वर्षं घाटात गाडी चालवलेला, तोंडानं अतिशय फटकळ. तो मला बघून फक्त हसला आणि म्हणाला, "साहेब, या कधीतरी." एवढंच. तो माणूस इतकं कमी बोलू शकतो हे मला नवीन होतं.

दादावाडीत माहिती घेतली, फॉर्म भरला आणि जानेवारीत रजा टाकून दहा दिवसांसाठी इगतपुरीला गेलो. तिथलं धम्मगिरी हे मोठं केंद्र, १९७६पासून तिथं शिबिरं होतात. मोबाइल, पाकीट, पुस्तक, वही, सगळं जमा. पहाटे चारला घंटा. दिवसाला दहा तासांहून जास्त बसणं. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ-चुरमुरे, की संपलं. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, शेजारच्याशी नजरानजरसुद्धा नाही. पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल त्यानं द्यावं. आमच्या खोलीच्या रांगेत एक जैन व्यापारी, एक आंबेडकरी चळवळीतले मास्तर, एक पंचांग बघणारे गुरुजी आणि मी. कोण काय करतं हे दहाव्या दिवशी बोलणं सुरू झाल्यावर कळलं. आमच्या स्वारगेटच्या केंद्राचंही मला तसंच गंमतशीर वाटतं. जागेचं नाव जैनांच्या दादावाडीचं, विद्या बुद्धाची आणि ती आपल्याकडं आणणारे गृहस्थ मारवाडी, तेही ब्रह्मदेशात जन्मलेले.

त्यांच्याबद्दल थोडं सांगतो, कारण आजच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. सत्यनारायण गोयंका १९२४ला मंडालेला जन्मले, मोठे उद्योजक झाले. त्यांना अर्धशिशी होती, भयंकर. परदेशातल्या डॉक्टरांकडं जाऊन आले, उपयोग झाला नाही. १९५५ला ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं गेले. हे ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल, म्हणजे सरकारी नोकरी करता करता ध्यान शिकवणारे. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं, आपलाच माणूस! तर गोयंका म्हणाले, माझी डोकेदुखी जावी म्हणून आलोय. आणि ऊ बा खिननी त्यांना शिकवायला नकार दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या नाही, मन समजून घ्यायचं असेल तर या, दुखणं जायचं तर वाटेत जाईल, असा त्याचा मतलब. दारात आलेल्या एवढ्या मोठ्या माणसाला त्यांनी 'बरं होईलच' म्हटलं नाही. मला तिथं अण्णा आठवले.

पुढं ब्रह्मदेशात उद्योगधंद्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, गोयंकांचे कारखाने गेले. १९६९ला ते भारतात आले ते आजारी आईसाठी. त्या जुलैमध्ये मुंबईत पहिलं शिबिर झालं, त्यात त्यांचे आईवडीलही बसले होते. २०१३ला ते गेले. मी शिबिर केलं तेव्हा त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणातून आणि संध्याकाळची प्रवचनं पडद्यावरून, तरी त्या जागेत ते नाहीत असं वाटत नाही.

आता शिबिरात काय झालं. मी मनात एक सौदा ठरवून गेलो होतो. दहा दिवस तपश्चर्या करतो, पोरगा पास होऊ दे. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. नाकाशी आत येणारा, बाहेर जाणारा. मोजायचा नाही, नाव जपायचं नाही, लांब करायचा नाही. जसा आहे तसा. शाळेत आपल्याला प्रार्थनेनंतर दोन मिनिटं डोळे मिटून उभं करत, आणि आपण एक डोळा किलकिला करून कोण हसतंय ते बघत असू. माझं अगदी तसंच झालं. तीन दिवसांत मी साताऱ्यापर्यंतच्या सगळ्या थांब्यांवर जाऊन आलो, श्वास सोडून सगळीकडं गेलो.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीरात काय जाणवतंय ते क्रमानं बघत जायचं. दुखतंय तर दुखतंय, गार लागतंय तर गार, काही नाही तर काही नाही. आणि दिवसातून तीनदा एकेक तास हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. सहाव्या की सातव्या दिवशी दुपारच्या बैठकीत माझ्या मनात मुलाचा निकाल लागला. या वेळी पास. गुलाल, पेढे, सगळं. मी त्याच वेळी शरीर बघत होतो म्हणून मला दिसलं, की जबडा घट्ट आवळलाय, छातीत गरम झालंय आणि पोटात खड्डा पडलाय. थोड्या वेळानं मनात नापासाचा निकाल लागला. पुन्हा पाहिलं. तोच जबडा, तीच छाती, तोच खड्डा.

मित्रांनो, मी चक्रावून गेलो. ज्याला मी इतकी वर्षं आशा म्हणत होतो ती आणि माझी धास्ती अंगात एकाच जागी बसल्या होत्या. मी पोराला 'नक्की होणार' म्हणायचो तेव्हा त्याला धीर देत नव्हतो, माझ्या पोटातला खड्डा भरत होतो. आणि अजून एक दिसलं. तसाच बघत बसलो तर पाच-सात मिनिटांत छातीतली गरमी आपोआप उतरली. मी काही केलं नव्हतं. पुन्हा आली, पुन्हा उतरली. ते लोक ज्याला 'अनिच्च' म्हणतात, अनित्य, ते हेच. पुस्तकात मीही वाचलं होतं, सगळं बदलतं वगैरे. पण छातीत बदलताना बघणं वेगळं. मला तेवढ्यात पहिल्यांदा खरा धीर आला. धीर असा, की निकाल कसाही लागला तरी हे जे होतंय त्याच्याकडं बघत मी बसू शकतो.

मी याहून मोठं काही सांगणार नाही. मला प्रकाश दिसला नाही, कुंडलिनी वगैरे भानगड नाही. गुडघे मात्र महिनाभर दुखले.

कारागृहांत हे शिकवलं जातं हे मला तिथंच कळलं. जयपूरला १९७५मध्ये झालं आणि एप्रिल १९९४मध्ये तिहारमध्ये एका वेळी हजाराहून जास्त कैदी बसले, तेव्हा किरण बेदी तिथं होत्या. खटल्याची तारीख कधी लागेल हे ठाऊक नसलेली माणसं. मला वाटतं, वाट बघणं हे ज्यांचं आयुष्यच झालंय त्यांना याची किंमत आपल्याहून जास्त कळत असेल. त्यांना 'सुटशीलच' म्हणून काय उपयोग?

घरी आलो. पहिले काही महिने सकाळ-संध्याकाळ बसायचो, दादावाडीला सामूहिक साधनेला जायचो. घरात 'नक्की' म्हणणं कमी झालं. पण सवय चिवट. आणि मग २०२० आलं. गाड्या बंद. तो स्वारगेट स्टँड रिकामा मी पाहिलाय, दुपारी बारा वाजता फलाटावर कुत्री झोपलेली. पुढं मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला आपल्याच गाड्या गेल्या, त्या दिवसांत कोण कुठं होतं याचा हिशेब नव्हता. माझं बसणं सुटलं. अगदी साफ सुटलं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा भाषणांत माणूस एकदा ध्यानाला लागला की सुधारलाच असं सांगतात.

राज्यसेवेची परीक्षाही पुढं पुढं जात राहिली. एप्रिल २०२०ची परीक्षा मार्च २०२१ला आली आणि तीन दिवस आधी पुन्हा पुढं गेली. त्या रात्री नवी पेठेत मुलं रस्त्यावर बसली होती ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमचा त्यात होता. दहा दिवसांनी परीक्षा झाली, पण त्याच्यातलं काहीतरी त्याआधीच विझलं होतं. आणि मी? मी पुन्हा सुरू. "या वर्षी नक्की. इतकी वाट बघितलीस, आता होणारच."

त्या जुलैच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात पुण्यातल्याच एका मुलाची बातमी आली. पूर्व झालेली, मुख्य झालेली, मुलाखतीची वाट पाहत होता. आईवडिलांना चिठ्ठी लिहून गेला. सकाळी मी ती बातमी वाचली आणि पेपर गादीखाली ठेवला. म्हणजे मुलानं वाचू नये. त्याच्या मोबाइलवर ती रात्रीच आली होती, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

दोन दिवस तो खोलीतून फारसा बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो आणि कित्येक महिन्यांनी बसलो. तासभर. पहिला अर्धा तास अंगाला कापरं होतं. ते बघत राहिलो. उठलो तेव्हा मला एवढंच कळलं होतं की गाडी कुठं आहे हे मला माहीत नाही, आणि फोन उचलायला हवा.

त्याच्या खोलीत जाऊन खाली जमिनीवर बसलो. म्हटलं, "बाळा, मी तुला चार वर्षं 'येईलच' सांगतोय. मला माहीत नाही तू पास होशील का. तू आत्ता कुठं आहेस ते मला सांग." बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मला परीक्षेची भीती नाही वाटत. तुमच्या 'नक्की'ची वाटते. नाही झालं तर तुम्ही कुठं जाणार, असं वाटतं." आणि मग त्यानं सांगितलं की जीव नकोसा झाल्याचे विचार त्याला दोन-अडीच महिन्यांपासून येत होते.

माझ्या अंगात काय झालं ते सांगता येणार नाही. पण मी 'असं बोलू नकोस' म्हटलं नाही, 'सगळं ठीक होईल' म्हटलं नाही. जे आयुष्यभर माझ्या तोंडात तयार असायचं ते त्या दिवशी बाहेर पडलं नाही, आणि तेवढ्यासाठी इगतपुरीचे दहा दिवस वसूल झाले असं मी मानतो. मी विचारलं, "आज काय करू या?" तो म्हणाला, "माहीत नाही." म्हटलं, "मलाही नाही. डॉक्टरला विचारू."

त्याच दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. औषधं सुरू झाली, आठ-नऊ महिने चालली, आठवड्याला समुपदेशन. इथं एक गोष्ट मला स्पष्ट सांगायचीय. मध्यंतरात एकानं मला विचारलं, "मग पोराला शिबिराला का नाही पाठवलंस?" नाही पाठवलं. त्या अवस्थेत दहा दिवस मौनात बसवणं बरोबर नव्हतं. केंद्राच्या फॉर्मवरच मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, ते लपवायचं नसतं. गंभीर नैराश्य असेल, भास होत असतील, तर आधी डॉक्टर. ध्यान औषधाच्या जागी नाही. कुणाच्या घरात असं काही असेल आणि सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर सरकारची टेलि-मानस म्हणून सेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या. मी थांबतो.

मुलाचं पुढं काय झालं हे तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो. तो अधिकारी झाला नाही. २०२३ला शेवटचा प्रयत्न केला, स्वतः ठरवून, हा शेवटचा म्हणून. गेला. आता भोर तालुक्यात पाणीपुरवठ्याच्या एका कामावर ठेकेदाराकडं साइट इंजिनिअर आहे. पगार बेताचा. कधी कधी उदास असतो, तेव्हा तसं सांगतो. मी विचारतो, "कुठपर्यंत आली गाडी?" तो म्हणतो, "शिरवळला पंक्चर." मग आम्ही दोघंही काही बोलत नाही, त्याची आई चहा टाकते. ज्या रविवारी घरी असतो तेव्हा कधी माझ्याबरोबर सकाळी बसतो, कधी झोपून राहतो. मी उठवत नाही.

आपल्या भूगोलाच्या बाई समोर बसल्यात. बाई, तुम्ही नकाशा फळ्यावर लावला की आधी विचारायचात, "आपण कुठं उभे आहोत ते दाखवा." मी नेहमी बोट मुंबईवर ठेवायचो, कारण मला तिथं जायचं असायचं. तुम्ही छडी पुण्यावर आपटायचात. मला हे आत्ता साठाव्या वर्षाच्या तोंडावर समजतंय, त्याबद्दल माफी असावी. आपल्यातले जे अजून शाळांत शिकवतात त्यांना माहीत असेल, राज्यातल्या अनेक शाळांत 'मित्र उपक्रमा'त मुलांना दहा-पंधरा मिनिटं श्वासाचं आनापान ध्यान शिकवतात. तुमच्या शाळेत असेल तर तो तास गणिताला देऊ नका, एवढी विनंती. गणिताच्या सरांची क्षमा मागून.

काल रात्री आपल्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, की नवऱ्याची तिसरी केमो झाली, मेळाव्याला येता येणार नाही. तिच्या निरोपाखाली मी मोजले, एकतीस जणांनी लिहिलंय, 'काळजी करू नको, सगळं छान होईल'. मीही तेच लिहायला घेतलं होतं. अंगठा थांबला. मग तिला फोन केला आणि विचारलं, आज त्यांनी काय खाल्लं. ती पंधरा मिनिटं बोलली. मऊ भात आणि ताक राहिलं पोटात, म्हणाली, कालच्यापेक्षा बरं. सोमवारी दवाखान्यात सोबत हवी होती तिला, मुलगा बंगळूरला आहे. आपल्यातले दोघं जाणार आहेत, ठरलंय.

जेवणाला अजून थोडा वेळ आहे असं आचारी म्हणतात. संयोजकांचा आग्रह आहे की पाच मिनिटं सगळ्यांनी बसावं. बसू या. खुर्चीतच बसा, मांडी नको, आपले गुडघे आता दहावीतले नाहीत. मोबाइल बंद करा. पाठ सोयीची ठेवा, डोळे मिटा. नाकाशी श्वास येतोय आणि जातोय, एवढंच बघा. मन जेवणाकडं गेलं तर गेलं म्हणायचं आणि परत यायचं. काही चांगलं वाटायला हवं असं नाही.

वेळ मी बघतो, ती माझी जुनी ड्यूटी आहे.